खर्रा सुटला, आणि सगळं सपाट झालं

आ करा

मी हिंगण्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. गिअरचे छोटे छोटे भाग टेबलावर येतात. मी त्यांना माप घ्यायचा व्हर्नियर लावतो आणि जो मापात नसेल त्याच्यावर लाल ठिपका देतो. तेवीस वर्षं हेच काम. त्यामुळे दातांच्या डॉक्टरांनी ड्रॉवरमधून व्हर्नियर काढला तेव्हा माणूस मला आपल्यातलाच वाटला.

"आ करा," ते म्हणाले.

मी केला.

"पूर्ण करा."

"हा पूर्णच आहे, डॉक्टर."

वरच्या दातापासून खालच्या दातापर्यंत बावीस मिलिमीटर. चाळीसच्या आसपास पाहिजे, असं ते म्हणाले. आमच्याकडे अर्धा मिलिमीटर कमी भरला तरी माल परत जातो. मी खुर्चीत आडवा पडल्या पडल्याच स्वतःवर लाल ठिपका देऊन टाकला.

"खर्रा?" त्यांनी विचारलं. किती, केव्हापासून, असलं काही नाही. नागपुरातल्या दातांच्या डॉक्टरला एवढं पुरतं.

"थोडा."

डॉक्टरांनी माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. खिशातून पन्नीचं शेपूट बाहेर डोकावत होतं.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एका प्लास्टिकच्या पन्नीत टाकतात. पानठेलेवाला ती पन्नी पाटीवर ठेवून तळहाताने घोटत राहतो, सगळं एकजीव होईपर्यंत. मग पीळ देऊन गोळा तुमच्या हातात. तोच खर्रा. आमच्याकडे तो पाहुण्याला देतात, साहेबाला देतात, मयतीला आलेल्यालाही देतात. भांडण मिटलं की अर्धा-अर्धा खातात. मी दिवसाला सहा खायचो आणि चार सांगायचो.

गालाच्या आतलं मांस जुन्या कमरपट्ट्यासारखं झालं होतं. डाव्या गालात एक पांढरा चट्टाही होता. त्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. तुकडा काढायला गालात इंजेक्शन दिलं, तो गाल दोन तास माझा नव्हता. घरी येऊन चहा प्यायलो तर निम्मा चहा शर्टावर.

अजून

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "अजून कॅन्सर नाही."

घरी आलो तर माझी बायको सुनंदा दारातच उभी.

"काय म्हणे?"

"अजून नाही म्हणे."

"अजून काय नाही?"

"तेच. ज्याची भीती होती ते."

ती पाटावर बसली. मग म्हणाली, "आणि खर्रा?"

"खाल्ला तर पुढच्या वेळी ‘अजून’ म्हणणार नाही म्हणे."

दोन वर्षांपासून मला तिखट लागत नव्हतं, नुसती आग व्हायची. सुनंदा माझ्यासाठी वेगळी फिकी भाजी काढायची आणि नातेवाइकांना सांगायची, "यायले पित्त आहे." त्या दिवशी तिने माझे चारही शर्ट झटकले. स्कूटरची डिकी उघडली, देवघराच्या मागे हात घातला. देवघराच्या मागे एक निघाला. तो मी कधी ठेवला होता ते मलाही आठवत नव्हतं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला माझ्याकडे उत्तरं तयार होती.

पुढे दर गुरुवारी गालात इंजेक्शन. रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये बसवायच्या आणि दर आठवड्याला एक वाढवायची. दवाखान्याच्या बाकावर आम्ही सगळे खर्रेवाले एका ओळीत बसायचो. शेजारच्याला नाव विचारायच्या आधी काड्या विचारायचो.

"किती बसतात?"

"चौदा."

"वा! माझ्या नऊच."

कन्हानहून एक आजी यायच्या. दर वेळी दोन पिकलेली केळी आणायच्या आणि इंजेक्शन झालेल्याला अर्धं द्यायच्या, कारण तेवढंच गिळता यायचं. म्हणायच्या, "साठ वर्षं सगळे म्हणत होते, बाई, तोंड बंद ठेव. आता डॉक्टर म्हणते, उघड. कोणाचं आयकू गा मी?" बाकावरचे सगळे हसायचे. म्हणजे, ज्याचं जेवढं तोंड उघडेल तेवढे.

साक्षगंध

सोडल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस वाईट गेले. त्याबद्दल सगळे लिहितात, म्हणून मी लिहीत नाही. घाम, चिडचिड, बद्धकोष्ठ. डाळीत मीठ कमी होतं म्हणून मी कुकरशी भांडलो.

मला कोणी सांगितलं नव्हतं ते त्यानंतरचं. चिडचिड गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. सकाळी उठायचो, कंपनीच्या बसने जायचो, ठिपके द्यायचो, यायचो. संत्रं खाल्लं तर ओलं लागायचं, एवढंच. टीव्हीवर लोक हसायचे, ते का हसतात हे मला कळायचं. हसू मात्र यायचं नाही. दुःख झालं असतं तर मी सांगितलं असतं. दुःखही नव्हतं. कारखान्यात मशीन बंद झालं की आधी आवाज जातो आणि मग उरतो तो नुसता लोखंडाचा डोंगर. तसा मी.

पाचव्या आठवड्यात मयुरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मयुरी माझी एकुलती एक मुलगी. नवरा मुलगा निखिल, दोघांनी एकमेकांना स्वतःच पसंत केलेलं. पोरगं चांगलं आहे. हे मी ताळेबंद मांडून सांगू शकतो: नोकरी चांगली, बोलणं नीट, सुनंदाला स्वयंपाकघरात मदत करायला गेलं आणि कप फोडून आलं. सगळं मापात. अंगठी घालताना टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. फोटोत मी बँकेच्या रांगेत उभा असल्यासारखा दिसतो.

दुसऱ्या दिवशी मयुरीने विचारलं, "बाबा, तुम्ही खुश नाही का?"

"आहे ना वं."

"मंग दिसून काहून नाही राहिले?"

"तोंड उघडत नाही ना माझं," मी म्हणालो. आजारपणाचा हा एक फायदा, कारण कायम खिशात असतं. ती थोडं थांबली आणि गेली.

बशीतला खर्रा

सातव्या आठवड्यात बाकावर एक चष्मेवाली मुलगी येऊन बसली. गौरी मॅडम, मूळच्या पुण्याच्या, इथे एका संस्थेत मेंदूवर संशोधन करतात. तंबाखू सोडणाऱ्यांच्या मेंदूत काय चालतं, याचा अभ्यास होता. मुख्य अभ्यास पुढे व्हायचा होता. सध्या त्याची तालीम चालली होती आणि त्यासाठी त्यांना माणसं हवी होती.

"काय करावं लागेल?" मी विचारलं.

"मशीनमध्ये पडून चित्रं पाहायची. आणि खरं बोलायचं."

चित्रं मला जमण्यासारखी वाटली.

त्यांना मी माझं सपाटपण सांगितलं. घरी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि त्यांना पाच मिनिटांत सांगून मोकळा झालो. त्यांना नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, बाहेरून वर्षानुवर्षं जोरात धक्का मिळत असला की मेंदू स्वतःचा आवाज बारीक करून ठेवतो. धक्का थांबला तरी तो आवाज लगेच मोठा होत नाही.

"किती दिवस लागतात?"

"माणसामाणसावर आहे. काहींना महिने. मी तारीख सांगितली तर ती खोटी असेल."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती माझ्या डोक्यात राहिली. आवडणं आणि हवंसं वाटणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात, असं त्यांच्या क्षेत्रातले बरेच लोक मानतात. व्यसनात आवडणं कमी होत जातं आणि हवंसं वाटणं मात्र वाढत राहतं.

"म्हणजे आमच्या कंपनीचा चहा," मी म्हणालो. "आवडत कोणालाच नाही, पण दहा वाजले की सगळे उठतात."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं वाक्य कोणी लिहून घेतलं असेल.

मशीन म्हणजे एमआरआय. डोकं एका पिंजऱ्यात घट्ट बसवतात, कानात बोळे, हलायचं नाही. वरच्या आरशात चित्रं दिसतात. आधी सिगारेट, मग दारूचे ग्लास, मग गुटख्याच्या पुड्या. आणि शेवटी खर्रा, पांढऱ्या बशीत काढून ठेवलेला! नवरीला हेल्मेट घातल्यासारखा दिसत होता. मला झोप लागली.

बाहेर आल्यावर मॅडम जरा पडलेल्या चेहऱ्याने म्हणाल्या, "पूर्ण हिशेब लागायला वेळ आहे. पण चित्रं पाहून काही होतं का असं विचारलं, तर सगळेच नाही म्हणतात. दोघं तर झोपले."

"तीन," मी म्हणालो. "मॅडम, खर्रा बशीत कोण पाहते? तो तर पन्नीत असते. खर्रा दिसत नाही, ऐकू येते."

"म्हणजे?"

मी टेबलावर एक कागद ठेवला आणि त्यावर तळहात फिरवला. खर्र, खर्र, खर्र. समोर बसलेला त्यांचा तंत्रज्ञ इकडचाच, काटोलचा. त्याने नकळत आवंढा गिळला.

मॅडमचे डोळे चमकले. त्या म्हणाल्या, सवय मुरली की मेंदू खाण्याची वाट पाहत नाही, खुणेवरच पळतो. आपण खुणाच चुकीच्या दाखवत होतो.

"आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर माझा नेहमीचा ठेला आहे," मी छाती काढून म्हणालो. "म्हणजे होता."

आता हे वाक्य पुन्हा वाचा. आठ आठवड्यांपूर्वी खर्रा सोडलेला माणूस, गालात चट्टा, आणि तो स्वतःहून म्हणतो की चला, मी तुम्हाला ठेल्यावर नेतो. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी विज्ञानाला मदत करत होतो.

बंडूचा हात

बंडूचा ठेला आमच्या कंपनीच्या बस थांब्याला लागूनच. शनिवारी सकाळी अकराला आम्ही गेलो. मॅडमच्या हातात केसाळ उंदरासारखा माईक. बंडूने केस ओले करून भांग पाडला होता.

"टीव्हीवर येते का, भाऊ?"

"तू नाही येत, तुझा हात येते."

त्याने घोटायला घेतलं. अर्ध्यावर ट्रक गेला. पुन्हा. बसचा हॉर्न. पुन्हा. मग बंडूच बोलला, "आता मस्त येऊन राहिलं ना मॅडम?" आणि ते रेकॉर्डिंगही गेलं. एकूण अकरा खर्रे घोटून झाले तेव्हा कुठे मॅडमने मान डोलावली.

"आता हे कचऱ्यात टाकू या," त्या म्हणाल्या.

बंडूचा चेहरा असा झाला, जणू कोणी शिजलेला भात नालीत ओतायला सांगितला. "घोटलेला खर्रा फेकत नसतात जी." उभ्या गिऱ्हाइकांना त्याने फटाफट वाटून टाकले. आणि एक, माझ्याकडे न पाहता, बोलता बोलता माझ्या शर्टाच्या खिशात सरकवला. अठरा वर्षं त्याचा हात रोज तेच करत आला होता. त्याला दोष देत नाही. त्याच्या हाताला मी सोडल्याचं कोणी सांगितलंच नव्हतं.

मॅडम माईक पुसत होत्या.

मला कळलं होतं. खिशात जड काही नव्हतं, तरी कळलं होतं. "बंडू, हे परत घे," एवढे चार शब्द म्हणायचे होते. मी मॅडमना म्हणालो, "रेकॉर्डिंग मस्त झालं."

सोमवारी सकाळी दहाला, तपासणीच्या खोलीत, दार लोटून घेऊन मी तो खाल्ला. आधी आग. मग कान गरम. आणि मग सगळं जवळ आलं. मशीनच्या तेलाचा वास आला. शेजारच्या खोलीत कोणी गाणं गुणगुणत होतं, ते गाणं आहे हे कळलं. निखिलने फोडलेला कप आठवला आणि मी एकटाच हसलो. माझ्या मुलीचं लग्न ठरलं याचा आनंद मला त्या दिवशी सव्वादहा वाजता झाला. पावणेअकराला संपला.

मला खर्रा हवा होता, त्यापेक्षा जास्त तो अर्धा तास हवा होता. मंगळवारी मी स्वतः बंडूकडून घेतला. गुरुवारी आणखी एक. गुरुवारी गालातल्या इंजेक्शनच्या आधी तोंड तीनदा धुतलं आणि बाकावरच्या आजींचं केळं नको म्हणालो. आजी माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिल्या आणि त्यांनी केळं दुसऱ्याला दिलं.

त्या गुरुवारी माझ्या काड्या मोजल्या. दोन कमी झाल्या होत्या.

खोटा फॉर्म

दुसऱ्या वेळी मशीनमध्ये जाण्याआधी फॉर्म होता. ‘गेल्या चार आठवड्यांत कोणत्याही स्वरूपात तंबाखू घेतली आहे का?’ मी ‘नाही’ वर खूण केली. खूण सुबक आली. तपासणी खात्याची सवय.

पुन्हा पिंजरा, पुन्हा बोळे. या वेळी मशीन मधेमधे थांबणार होतं आणि त्या शांततेत आवाज ऐकू येणार होते. "डोकं हलवू नका," मॅडम कानात म्हणाल्या. "शक्यतो गिळूही नका, त्याने डोकं हलतं."

पहिल्या शांततेत पंख्याचा आवाज. दुसऱ्या शांततेत कोणी कागद फाडला. तिसऱ्यात बंडूचा हात.

खर्र, खर्र, खर्र.

तोंडात पाणी भरलं. नळ सुटल्यासारखं. गिळायचं नव्हतं. जीभ आपोआप डाव्या गालाकडे गेली, चट्ट्यापाशी, जिथे मी गोळा ठेवायचो. मी तिला परत आणली. ती पुन्हा गेली. मी माझ्याच जिभेला थांबवू शकत नव्हतो. पंखा, कागद, हात. हात, पंखा, हात. लाळ ओठाच्या कोपऱ्यातून कानापर्यंत गेली. तेव्हा मला काहीच वाटलं नाही, लाज नाही, राग नाही. फक्त एक गोष्ट अगदी स्वच्छ दिसली, मापाच्या गेजमध्ये तुकडा अडकतो ना, तशी. हा माणूस आज इथून निघून बंडूकडे जाणार आहे.

बाहेर काढून मॅडमने रुमाल दिला. मी कान पुसला आणि म्हणालो, "फॉर्म खोटा आहे."

त्या थांबल्या. "किती?"

"एक." मग म्हणालो, "तीन."

"कधीपासून?"

मी सगळं सांगितलं. शनिवार, बंडू, खिसा. ऐकता ऐकता त्या खुर्चीवर बसल्या. मी रागाची वाट पाहत होतो.

"चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "सोडलेल्या माणसाला मी ठेल्यावर न्यायलाच नको होतं. आवाज हवा होता म्हणून घाई केली. हे मला आमच्या नीतिसमितीला लिहून द्यावं लागेल."

"मग मी रिजेक्ट का?"

"नाही. तुमचा गट बदलेल. घसरून परत आलेले लोकही आम्हाला हवेत. खरं तर तेच जास्त शिकवतात."

आमच्याकडे याला ‘रिवर्क’ म्हणतात, दुरुस्त करून पुन्हा तपासायचा माल. लाल ठिपका नाही, पिवळा.

मला एकच विचारायचं होतं. "मॅडम, या फोटोत दिसेल का हो? मी पुन्हा खाईन का नाही?"

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. करड्या रंगात माझा मेंदू होता, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. "नाही दिसत," त्या म्हणाल्या. "शंभर माणसांचं मिळून आम्ही काही म्हणू शकू. एकट्या माणसाचा मेंदू पाहून तो खाईल का, हे आज कोणी सांगू शकत नाही. कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. घरी सांगितलंय का?"

"नाही."

"मशीनपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल," त्या म्हणाल्या. खालच्या मजल्यावर समुपदेशक बसतात, त्यांच्याकडे त्यांनी मला स्वतः नेऊन बसवलं. त्या बाईंनीही तेच सांगितलं आणि डॉक्टरांकडून पुढच्या महिन्याभरासाठी औषध सुरू करून दिलं.

मेथी

सुनंदा मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि काड्या वेगळ्या करायला लागलो. ती कामाची मदत नाही हे तिने लगेच ओळखलं.

"मी खाल्ला," मी म्हणालो.

तिचा हात थांबला नाही. "किती?"

"तीन."

"मले सांगतलं काहून?"

"तिथं मॅडमले सांगतलं. मग वाटलं..."

आता हात थांबला. "म्हणजे त्या पोरीले आधी." तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "सव्वीस वर्षं मी विचारून राहिली, खाल्ला का जी? तुम्ही म्हणता, नाही. ती चार दिवसांची ओळख, तिले एका दमात सांगतलं."

मी ती जुडी माझ्याकडे ओढली.

"मयुरीले तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी नाही सांगत. तिच्यापाशी तुमच्या वतीनं बोलून बोलून थकली मी. बाबा थकले आहेत, बाबाले बरं नाही, बाबा खुश आहेत. बस झालं आता."

मयुरी संध्याकाळी आली. मी तिला तीन खर्रे सांगितले. मग ज्यासाठी तीन खाल्ले तेही सांगितलं, ते सांगायला जास्त वेळ लागला. म्हणालो, तुझ्या साक्षगंधाला मला काही वाटलं नाही. तुझं लग्न चांगलं ठरलं हे मला माहीत आहे, पण जाणवत नाही. जाणवावं म्हणून खाल्ला. अर्धा तास जाणवलं.

ती रडली नाही. चिडली.

"महिनाभर बाबा! महिनाभर मले वाटून राहिलं, तुम्हाले निखिल पसंत नाही. मी त्याले दोनदा म्हटलं, थोडं थांबू, बाबाच्या मनात नाही आहे. तो बिचारा विचारते, मी काय केलं? कप फोडला म्हणून का?"

"कपाचं काही नाही वं."

"मले आता समजलं ना! तवा कुठं समजत होतं!"

ती उठून खिडकीशी गेली. पाठमोरीच बोलली. "लग्नात तरी वाटन का?"

"सांगता येत नाही. मॅडमही सांगत नाही."

"आणि खाल्ला तर वाटन."

"हो."

आत सुनंदाने फोडणी दिली, मला ठसका लागला. मयुरी वळली. तिचा चेहरा तिच्या आईसारखा झाला होता, शर्ट झटकतानाचा.

"लग्नात दारावर उभे राहाल तुम्ही," ती म्हणाली. "या, बसा, जेवून जा, एवढं म्हणायले काही वाटावं लागत नाही. नाही वाटलं तरी चालन मले. सपाट तर सपाट. पण तोंडात काही असलं ना बाबा, तर आत येऊ नका. मी मांडवातून उठून पाहायले येईन."

ती आली असती. माझी मुलगी आहे.

दारावर

लग्नाला आता तीन आठवडे झाले. हे लिहायचं कारण असं की बाकावर नवीन माणसं येतात आणि विचारतात, सोडल्यावर बरं वाटते का? मी त्यांना म्हणतो, लगेच नाही. काही वाटलं नाही तर घाबरू नका, आणि ते घरात कोणाला तरी सांगा. माझी चूक खर्रा खाण्याच्या आधीच झाली होती. मला काही वाटत नाही, हे मी चष्मेवाल्या मुलीला पाच मिनिटांत सांगितलं आणि घरच्यांना दीड महिना नाही.

चट्टा आहे तेवढाच आहे. दर तीन महिन्यांनी दाखवायचा. डॉक्टर अजूनही ‘अजून’ म्हणतात. लग्नाआधी अकरा आठवडे मी काही खाल्लं नव्हतं. त्यातले नऊ आठवडे मी बंडूच्या ठेल्यासमोरून बस न पकडता पुढच्या थांब्यापर्यंत चालत जात होतो. बसमधले सगळे खिडकीतून ओरडायचे, "साहेब, वजन कमी करून राहिले का?"

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊपासून मी हॉलच्या दारावर उभा. या, बसा, जेवून जा. दोनशे वेळा तरी म्हटलं असेन. काय वाटलं असं विचाराल तर पाय दुखले. फेटा घट्ट बसला होता, ते जाणवलं. वरात आली, बँड वाजला, पोरं नाचली. मी पाहत होतो, काचेआडून पाहतो तसा.

निखिलचे मामा मौद्याहून आले होते. भला माणूस, गळाभेट घेतली, पाठ थोपटली, आणि बाजूला घेऊन खिशातून पन्नी काढली. ताजा घोटलेला होता. त्यांनी अर्धा तळहातावर घेतला आणि अर्धा माझ्यापुढे धरला. लग्नात व्याह्याने, म्हणजे इवायाने, दिलेला अर्धा नाकारणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

"घ्या ना इवाई. अर्धा-अर्धा. आज नाही तर कवा?"

तोंडात पाणी आलं. जीभ डावीकडे गेली. काहीही बदललं नव्हतं.

"नाही जी," मी म्हणालो. "मले आत जायचं आहे."

"खाऊन जा ना आत. कोण अडवते?"

"पोरगी."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग हॉलकडे. त्यांना किती समजलं माहीत नाही. त्यांनी पन्नीला पीळ दिला आणि ती खिशात टाकली. स्वतःचाही अर्धा खाल्ला नाही.

आतून सुनंदाची हाक आली, "अहो, मुहूर्त होऊन राहिला, या लवकर!" मयुरी स्टेजवर उभी होती. हार हातात, आणि नजर सरळ दाराकडे, माझ्या तोंडाकडे.

मी आ करून दाखवला, जेवढा होतो तेवढा. आणि आत गेलो.